कामठीच्या उन्हात वाढलेली पोरं

मे २०१३मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तिथून सुमारे १६ किलोमीटरवर कन्हानच्या काठी कामठी आहे. असल्या उन्हात तान्हं पोर घेऊन निवृत्त आजोबांकडे जायचं म्हटलं तर घरोघरी नाकं मुरडली जातात. पण कामठी वसली तीच फौजी, पेन्शनर आणि त्यांच्या पोराबाळांनी.

नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. १८२१मध्ये इंग्रजांनी नदीकाठच्या लांबट पट्टीत छावणी टाकली आणि तिथे आल्या मद्रासच्या पलटणी. बंगालकडचा शिपाई बायकापोरं गावी ठेवून चाकरीला जाई. मद्रासचा शिपाई मात्र सगळं बिऱ्हाड बरोबर नेत असे. त्यामुळे शिपायांच्या घरांच्या लाइनींमध्ये बंदुकांइतकीच पोरांची वर्दळ. शिपायांच्या मुलांना लहान वयातच थोड्या पगारावर पलटणीत घेण्याचीही पद्धत होती. पेन्शन झाल्यावर कित्येकांनी परतीची वाट धरलीच नाही. कामठीतली तेलुगू-तमीळ बोलणारी घरं ही त्या मुक्कामाची खूण.

उन्हाळा मात्र सगळ्यांना सारखा नव्हता.

साहेबाच्या बंगल्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. भिस्ती त्यांवर पाणी शिंपडी, बाहेरची कोरडी लू ओल्या वाळ्यातून आत येई आणि पाण्याची वाफ होताना हवा गार होई. ही युक्ती हवा कोरडी असेपर्यंतच चाले. जूनमध्ये दमट ढग आले की ताटी निरुपयोगी. ज्यांना परवडे ते मुलांना पचमढीला धाडत. तिथे कॅप्टन फॉरसिथने १८६२मध्ये बंगला बांधला आणि पुढे मध्य प्रांताच्या सरकारचा उन्हाळी मुक्कामही तिकडेच हलू लागला. लाइनीतल्या पोराला कुठली पचमढी? त्याच्या वाट्याला कैरीचं पन्हं, ताक, खिशात कांदा आणि दुपारी घराबाहेर न पडण्याची ताकीद. कांद्याचं काय ते असो, ताकीद मात्र शास्त्राला धरून होती. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्र मोठं असतं, त्यामुळे बाहेरची उष्णता शरीरात लवकर शिरते. शिवाय घाम कमी येतो, आणि तान्ह्याला तर तहान लागल्याचं सांगताही येत नाही.

ऊन, पेन्शनर आणि पोरं यांचा हा मेळ अमेरिकेने उलटा बसवला. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात डेल वेबने १ जानेवारी १९६०ला सन सिटी ही निवृत्तांची वसाहत खुली केली. तिथे १९ वर्षांखालच्यांना कायमचं राहता येत नाही. नातवंडं पाहुणी म्हणून, तीही वर्षातून ठरावीक दिवसच. वाळवंटातल्या उन्हात म्हातारपण घालवायचं, पण पोरांचा गलका नको, असा हा हिशेब. कामठीच्या पेन्शनरला तो अजबच वाटला असता.

खुद्द कामठीचा बहर सन सिटीच्या कितीतरी आधी ओसरला होता. रेल्वेने सातपुड्याचा व्यापार कामठीपासून दूर वळवला आणि १८९५मध्ये मद्रासची वेगळी फौजही मोडली. १८८१मध्ये सुमारे ५१ हजार असलेली वस्ती १९०१मध्ये ३९ हजारांच्या आत आली. छावणी मात्र राहिली. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. सुटीत आलेली नातवंडं आता ताटीऐवजी कूलरपुढे झोपतात. युक्ती तीच, म्हणून दमट जूनमध्ये तोही तसाच हात टेकतो.