पहिला धागा : चरखा शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा इतिहास

स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात चरख्याला मानाचे स्थान आहे. परंतु चरखा शिकण्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना गांधीजींनी चरखा डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. १९१५ मध्ये ते स्वदेशी परतले, तेव्हाही स्थिती तीच होती. अहमदाबादच्या आश्रमात हातमाग उभे राहिले, पण त्यांवर चढे ते गिरणीचे सूत. कारण कातण्याची विद्या दाखवील असे कोणी भेटत नव्हते.

ही उणीव गंगाबेन मजमुदार यांनी भरून काढली. १९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. चरख्याच्या शोधात त्या गुजरातभर हिंडल्या आणि अखेर बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो सापडला. तेथे अनेक घरांत चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर पडलेले. कोणी पेळू पुरवले आणि सूत विकत घेतले, तर पुन्हा कातू, असे लोकांनी सांगितले. विद्या मेली नव्हती. तिला गिऱ्हाईक उरले नव्हते.

याच सुमारास गांधीजी मुंबईत आजारी होते. अंथरुणावरूनही त्यांनी शोध सोडला नाही. सूत कातणारी दोन माणसे मिळाली. त्यांचा दर अठ्ठावीस तोळ्यांच्या शेराला एक रुपया. विजापूरच्या मानाने तो फार चढा निघाला. ती माणसे दर उतरवीनात, तेव्हा त्यांना निरोप देण्यात आला. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी काही स्त्रियांना कताई शिकवली होती. त्यांत चंपारण्यात काम केलेल्या अवंतिकाबाई गोखले होत्या, रमीबाई कामदार होत्या, शंकरलाल बँकर यांच्या मातोश्री होत्या, वसुमतीबेन होत्या. गांधीजींच्या आत्मकथेत या शिष्यांचा उल्लेख आहे. त्या दोन गुरूंची नावे मात्र तेथे नाहीत.

त्या शिष्यांपुढची अडचण प्रत्येक नवशिक्यापुढे येते. उजव्या हाताने चाक फिरवायचे आणि डाव्या हाताने पेळू मागे ओढत न्यायचा, इतकेच वरवर दिसते. चिमूट घट्ट धरली की तंतू सुटत नाहीत आणि धागा तुटतो. सैल सोडली की सूत कोठे सुतळीसारखे जाड, तर कोठे केसासारखे बारीक येते. पीळ कमी पडला तर धागा विरतो, अधिक झाला तर गुंतून वळ्या पडतात. तुटलेले टोक पेळूच्या तंतूंवर ठेवून हलकेच पीळ दिला की सांधा बसतो. डोळे पाहतात, पण पिळाचा अंदाज बोटांनाच यावा लागतो, आणि तो ज्यांना आला आहे त्यांच्याजवळ बसूनच येतो.

१९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सुताची अट मान्य झाली. ती वर्षभरही टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये वार्षिक चार आणे वर्गणीचा पर्याय पुन्हा खुला झाला. ठराव एका दिवसात होतो, हाताला मात्र सवय लागावी लागते. त्याच महिन्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने पुढे हेच काम सावकाश, गावोगावी केले. १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले आणि मुलांच्या हाती टकळी आली. विनोबांनी तर टकळीच्या कताईवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. टकळीवर काततानाच मोजणी, कापसाची लागवड, व्यापाराचा इतिहास यांचे पाठ व्हावेत, ही त्यामागील दृष्टी होती. जेथे शिक्षकालाच कताई नीट येत नव्हती, तेथे तो तास केवळ हजेरीचा उरला, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

विजापूरच्या माळ्यांवरील चरख्यांना गंगाबेन वेळेवर भेटल्या. आणखी एक पिढी लोटली असती, तर चरखे सापडले असते, पण ते चालवणारे हात सापडले नसते. महाराष्ट्राबाहेर मराठीचे वर्ग चालवणाऱ्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही. भाषा पुस्तकांच्या कपाटात सुरक्षित असते, पण ती जिवंत राहते ती जाणत्यांनी नवशिक्याला जवळ बसवले, आणि त्याचा धागा तुटला की न रागावता पुन्हा सांधायला शिकवले, तरच. त्या दोन अनामिक शिक्षकांनी मुंबईत एवढेच केले होते.