हरिण, शेतकरी आणि तोड्याची बंदूक

जपान हे बौद्ध परंपरेचे राष्ट्र असल्याने तेथील लोक पूर्वी मांसाला शिवत नसावेत, असे वाटणे साहजिक आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाईबैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरविले. त्या यादीत हरिण व रानडुक्कर नव्हते. तथापि पुढे मांसमात्र अशुद्ध होय, ही भावना दृढ होत गेली. नारा येथील कासुगा देवस्थानची हरणे तर देवाचे दूत मानली जात व त्यांची हत्या हा घोर अपराध समजला जाई.

परंतु हेच ठिपकेदार ‘शिका’ हरिण डोंगराळ मुलखात उभे पीक फस्त करी. तेथील कुणब्याने करावे काय? या पेचातून सुवा येथील देवस्थानाने मार्ग काढला. मृगयेच्या या देवापुढे हरणांची मस्तके अर्पण होत आणि देवस्थान भाविकांस ‘काजिकिमेन’ नावाचा परवाना देई. तो जवळ असणारास मृगमांसाचा दोष लागत नसे.

इ. स. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक आली. याच पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आपला गोवा घेतला होता. नळीच्या तोंडातून दारू व गोळी गजाने ठासावयाची, कानाशी रंजक घालावयाची आणि पेटता तोडा त्यास लावावयाचा, अशी तिची रीत. पावसात तोडा विझे. एक बार चुकला की दुसरा भरीपर्यंत हरिण पसार. म्हणून शिकाऱ्यास दबकत जवळ जावे लागे. हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली खरी, परंतु पुढे तोकुगावा राजवटीत पीकरक्षणासाठी गावोगाव परवान्याच्या बंदुका राहिल्या. शोगुन त्सुनायोशी (१६८०–१७०९) याने जीवदयेचे कडक हुकूम काढले. त्याच्या मृत्यूनंतर ते लगेच सैल झाले.

मांस शिजे, पण त्याचे नाव उघड घेतले जात नसे. मृगमांसास ‘मोमिजी’, म्हणजे मेपल वृक्षाचे पान, म्हणत आणि ते खाण्यास ‘औषधसेवन’. मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, अळंबी व मुळे ही आंबविलेल्या सोयाबीनच्या ‘मिसो’त एकत्र शिजवीत. या मांसात चरबी थोडी, म्हणून फार शिजविल्यास ते चिवट होते.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद केली, हे योग्यच झाले. जपानात मात्र हरणांची संख्या अतोनात वाढल्याने ती निम्मी करण्याचे धोरण शासनाने २०१३ मध्ये ठरविले. देश व काळ पालटला की धर्माधर्माचा निर्णयही पालटतो, तो असा.

आपल्या ज्ञातीत सामिष व निरामिष अशी दोन्ही घरे आहेत. एकाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याचे कुलशील ठरवू नये. ज्याच्या शेतात हरिण शिरते, त्याची अडचण नाऱ्याच्या पुजाऱ्यास कळणे कठीण. सुवाच्या देवाने ती ओळखली, हाच या इतिहासाचा बोध होय.