ओव्हरफ्लोची नळी आणि गळतीचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत नळांनी जोडलेला, एका जागी कायमचा बसवलेला स्नानाचा टब रूढ होऊ लागला, तेव्हा त्याचा निचरा गळून खालच्या दिवाणखान्याचे छत भिजेल ही चिंता होतीच. परंतु त्या काळातील डॉक्टर, अभियंते आणि घरमालक यांना पाण्याच्या गळतीपेक्षा हवेच्या गळतीचे भय अधिक होते. या भयाचे एक प्रमुख कारण होती ओव्हरफ्लोची नळी, म्हणजे नळ चुकून चालू राहिला तरी टब भरून वाहू नये म्हणून काठाच्या थोडे खाली पाडलेल्या भोकातून जादा पाणी बाहेर नेणारी नळी.

सांडपाण्याच्या नळातील दुर्गंधी घरात येऊ नये म्हणून त्या नळाला ट्रॅप, म्हणजे ज्याच्या तळाशी थोडे पाणी कायम साचून राहते असे वळण, देण्याची कल्पना लंडनमधील स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने 1775 मध्ये शौचकूपासाठी घेतलेल्या पेटंटात आढळते. पुढच्या शतकात प्लंबरांनी ट्रॅप सर्वत्र बसवले. मात्र ओव्हरफ्लोची नळी ते पुष्कळदा ट्रॅपच्या पलीकडे किंवा थेट शौचकूपाच्या उभ्या नळाला जोडून मोकळे होत. त्या नळीला स्वतंत्र ट्रॅप दिला, तरी ओव्हरफ्लोतून पाणी वर्षातून क्वचितच वाहत असल्यामुळे त्यातील पाणी आटून जाई, आणि मग गटाराची हवा थेट शयनगृहाशेजारच्या स्नानघरात शिरण्यास कोणताही अडसर उरत नसे.

ही हवा विषमज्वरासारखे रोग पसरवते आणि म्हणून प्राणघातक असते, अशी तेव्हाच्या वैद्यकातील बहुसंख्यांची धारणा होती. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा 1861 च्या डिसेंबरमध्ये मृत्यू झाला, त्याचे कारण डॉक्टरांनी विषमज्वर हेच सांगितले होते. दहा वर्षांनी युवराज एडवर्ड स्कारबरो येथील लाँड्सबरो लॉज या हवेलीतील मुक्कामानंतर त्याच रोगाने मरणाच्या दारी पोहोचले, आणि त्या मुक्कामातील दुसरे पाहुणे, चेस्टरफील्डचे अर्ल, दगावले. हवेलीच्या सांडपाणी व्यवस्थेकडे बोट दाखवले गेले, आणि राजवाड्यातला माणूसही आपल्या घरातील नळांपासून सुरक्षित नाही, ही जाणीव देशभर पसरली.

या जाणिवेला शास्त्रशुद्ध तपासणीचे वळण देणाऱ्यांत दोघांचा उल्लेख अटळ आहे. लंडनचे प्लंबर एस. स्टीव्हन्स हेलियर यांनी 1877 मध्ये आपल्या व्यवसायावर विस्तृत ग्रंथ लिहून कारागिरांना नळजोडणीचे नियम समजावले, आणि लीड्सचे शल्यचिकित्सक टी. प्रिजिन टील यांनी 1878 च्या ‘डेंजर्स टू हेल्थ’ या सचित्र पुस्तकात घरांचे उभे छेद काढून, चुकीच्या जोडणीतून दूषित हवा कोठून कोठे जाते, हे सामान्य वाचकाला दिसेल असे दाखवले. भिंतीआड आणि फरशीखाली लपलेला दोष घरमालकाच्या डोळ्यांसमोर आणणे, हे टील यांचे कार्य कोणत्याही कायद्याइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

दोष शोधण्याच्या पद्धती साध्या, पण विलक्षण शिस्तीच्या होत्या. पेपरमिंटच्या परीक्षेत एक माणूस छपरावर जाऊन उभ्या नळाच्या तोंडात पेपरमिंटचे तेल व त्यामागोमाग कढत पाणी ओती, दारेखिडक्या बंद केलेल्या घरात दुसरा माणूस खोलीखोलीतून वास घेत फिरे, आणि तेल ओतणाऱ्याच्या कपड्यांना तोच वास लागलेला असल्यामुळे तपासणी संपेपर्यंत त्याला घरात पाऊल टाकण्याची मनाई असे. वास कोणत्या खोलीत आला हे यातून कळे, परंतु तो झपाट्याने पसरत असल्यामुळे नेमका सांधा सापडणे कठीण जाई. म्हणून पुढे धुराची परीक्षा रूढ झाली, जिच्यात तेलकट चिंध्या जाळून केलेला धूर भात्याने नळात भरत आणि तो जेथून बाहेर पडे तो सांधा डोळ्यांना दिसे. जमिनीखालच्या नळांसाठी पाण्याची परीक्षा होती: खालचे तोंड बुचाने बंद करायचे, नळ भरायचा आणि पातळी उतरते का ते पाहायचे.

टबाची प्रत्यक्ष पाणगळती हा प्रश्न मात्र शिशाच्या स्वभावाशी निगडित होता. निचऱ्याच्या नळ्या शिशाच्या असत. गरम पाण्याने शिसे पसरते आणि थंड झाल्यावर पूर्ववत होत नाही, त्यामुळे नळी हळूहळू वाकून डाखाच्या सांध्याजवळ चिरते, आणि टबाच्या तळातील निचऱ्याच्या कडीखाली भरलेली, जवसाच्या तेलात मळलेली लुकण कालांतराने वाळून तडकते. यावर उपाय म्हणून टबाखाली शिशाच्या पत्र्याचे उथळ तबक ठेवून त्याची नळी बाहेरच्या भिंतीतून उघड्यावर काढीत, म्हणजे तेथून पाणी ठिबकताना दिसले की गळती लागल्याचे कळे.

रोगाविषयीची मूळ उपपत्ती मात्र टिकली नाही. विषमज्वर रुग्णाच्या मलातून आणि त्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, असे इंग्रज डॉक्टर विल्यम बड आधीपासून सांगत होते, आणि 1880 मध्ये रोगशास्त्रज्ञ कार्ल एबर्ट यांनी त्या रोगाच्या जंतूचे वर्णन केले. जुनी समजूत तरीही लवकर हटली नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुण्यावर नगरपालिकेने मोठी शक्ती खर्च केली, पण त्या रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होत होता.

उपपत्ती चुकीची ठरली, पण तिच्या पोटी जन्मलेली कारागिरी खरी ठरली, असाच निर्णय इतिहासाला द्यावा लागतो. आजच्या टबात ओव्हरफ्लोची नळी ट्रॅपच्या अलीकडेच निचऱ्याला मिळते, त्यामुळे रोजच्या स्नानाने भरलेला एकच ट्रॅप दोन्ही वाटा राखतो. गळती शोधतानाही परीक्षा तीच आहे: ओव्हरफ्लोच्या खालपर्यंत टब भरून ठेवल्यावर छत भिजले तर दोष तळाच्या कडीत, पाणी सोडल्यावरच भिजले तर खालच्या नळीत वा ट्रॅपमध्ये, आणि पाणी ओव्हरफ्लोपर्यंत चढल्यावरच भिजले तर त्याच्या रबरी चकतीत शोधावा. भूमिगत सांडपाणी वाहिन्यांतील फटी व चुकीच्या जोडण्या हुडकण्यासाठी अनेक शहरांत आजही धूरच सोडला जातो.