विजेच्या ट्रॅक्टरचे दुसरे आयुष्य

सोलापूरची जुनी कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, फ्रान्समधील सरमेझ गावच्या साखर कारखान्याजवळ विजेने शेत नांगरण्याचा प्रयोग झाला. शेताच्या दोन बाजूंना दोन गाड्या उभ्या केल्या होत्या. त्यांवरील मोटारी पोलादी दोर गुंडाळत आणि नांगर या बांधापासून त्या बांधापर्यंत ओढून घेत. वीज तयार होई ती कारखान्यातील वाफेच्या इंजिनावर. क्रेतियँ आणि फेलिक्स या दोघांच्या या प्रयोगात जनित्र आणि मोटार, दोन्हीकडे ग्रॅम यंत्रच होते. फिरवले की वीज देणारे यंत्र, वीज दिली की स्वतः फिरते!

अडचण होती तारेची. ती जाईल तेवढेच शेत नांगरता येई. तारेपासून सुटका हवी तर वीज सोबत न्यायला हवी. पुन्हापुन्हा भारता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी प्लाँते यांनी १८५९ मध्येच बनवली होती. पण ती फार जड. मोटारगाडीला हे वजन नकोसे असते. ट्रॅक्टरचे मात्र उलटे आहे. वजन कमी पडले तर त्याची चाके जागच्या जागी फिरतात.

हा गुण अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हेरला. १९६९ मध्ये तिने ‘एलेक-ट्रॅक’ हा बागेतला छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. गवत कापणे, बर्फ लोटणे ही त्याची कामे. त्यात ६ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट. अशा बॅटरीची क्षमता साधारण २२० अँपिअर-तास धरली, तर साठलेली ऊर्जा ३६ × २२० = ७,९२० वॉट-तास, म्हणजे जवळजवळ ८ युनिट. बॅटरीचे आयुष्य राखायचे तर त्यातली निम्मीच वापरावी. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट इतकी उष्णता असते, हे आठवले की बॅटरीची मर्यादा कळते. अर्थात, डिझेल इंजिन त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा वायाच घालवते.

सत्तरच्या दशकातच या ट्रॅक्टरचे उत्पादन थांबले. तरीही काही हौशी मंडळींनी पन्नास वर्षांनंतरही ते चालते ठेवले आहेत, तेही थोड्या खर्चात. त्यांच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. नव्या बॅटऱ्या ते सगळ्यात शेवटी घेतात. आधी चाके जमिनीपासून उचलून ठेवतात आणि १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर मोटार हळू फिरवून पाहतात. झिजलेले कार्बन बदलतात, बेअरिंग तपासतात, रिलेचे काळे पडलेले संपर्क घासतात, गंजलेल्या वायरी काढतात. हे सारे ठीक असेल तरच मोठा खर्च.

मोटार टिकते आणि बॅटरी मरते, असे का? मोटारीत झिजणारे भाग थोडे, आणि ते बदलता येतात. बॅटरीत मात्र रासायनिक बदल होतात. ती न भारता पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि ते सहजी विरघळत नाहीत. उष्णता हा दुसरा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या सोलापुरात बॅटरी सावलीत ठेवणे आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. वर्गात बॅटरी दाखवायची तर ठिणगी दूर ठेवावी, कारण भारताना हायड्रोजन बाहेर पडतो. आणि आम्लाला विद्यार्थ्यांचा हात लागू देऊ नये.

आता आपल्याकडेही विजेचे ट्रॅक्टर आले आहेत. सोनालिकाचा ‘टायगर इलेक्ट्रिक’ २०२० मध्ये आला, तर दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा ‘प्राइमा ईटी ११’ २०२३ मध्ये. दोन्हींत लिथियमच्या बॅटऱ्या आहेत: वजनाने हलक्या, टिकायला बऱ्या, पण त्यांच्या सोबतीला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण लागते. गावातल्या वायंडिंगवाल्याला जुनी मोटार उघडून समजते, तशी ही पेटी समजेल का? शेतकऱ्याचा पैसा दहा वर्षांनी वाचणार की बुडणार, हे याच उत्तरावर ठरेल. शिसे-आम्लाची बॅटरी, मोटार आणि रिले आज वर्गात शिकवणे हा त्या उत्तराच्या तयारीचाच भाग आहे, असे आम्हांला वाटते.