न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशातील मिशनची विमाने

न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात विमान प्रथम गेले ते रुग्णांसाठी नव्हे. १९२७ साली ते वाऊच्या सोन्यासाठी गेले. लुथरन मिशनने १९३५ मध्ये स्वतःचे युंकर्स विमान आणले. मिशन एव्हिएशन फेलोशिपचे कार्य तेथे १९५१ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी तिचा वैमानिक हॅरी हार्टविग विमान कोसळून मरण पावला.

परंतु विमानापेक्षा धावपट्टीचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. अनेक पट्ट्या गावकऱ्यांनीच हाताने खणून डोंगरउतारावर तयार केल्या. अशा पट्टीवर विमान चढाच्या दिशेने उतरते व उताराच्या दिशेने उड्डाण करते. दुपारी खिंडी ढगांनी बुजल्या, की अडलेल्या बाईला सकाळपर्यंत वाट पाहणे प्राप्त होते. उपचार मिळणे न मिळणे हे वैद्यकाइतकेच जमिनीच्या उतारावर अवलंबून राहिले, हे विसरता कामा नये.

टोक पिसिन भाषेत विमानाला ‘बालुस’ म्हणतात. न्यू ब्रिटन बेटावरील टोलाई भाषेतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ कबुतर. पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा बोलल्या जातात. एका खोऱ्यातील बोली पुष्कळदा शेजारच्या खोऱ्यात समजत नाही. ‘बालुस’ मात्र दोहोंकडे समजतो.