कालविपर्यास आणि भाषाविपर्यास : ‘आरआरआर’मधील कुमराम भीम

ऐतिहासिक चित्रपटांतील चुकांची चर्चा बहुधा पोशाख, शस्त्रे, वाहने किंवा एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना तुटलेली संगती यांपाशीच थांबते. अशा चुका पकडणे सोपे असते. पात्राच्या उजव्या हातातील पेला पुढच्या क्षणी डाव्या हातात दिसला, म्हणून कोणाचा इतिहास बदलत नाही. शत्रू, भाषा आणि भूमी यांची अदलाबदल झाली म्हणजे मात्र प्रश्न गंभीर होतो. एस. एस. राजामौली यांनी दिग्दर्शित केलेला व २०२२ साली प्रदर्शित झालेला ‘आरआरआर’ हा तेलुगू चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. किनवटच्या अभ्यासकाने तर विशेषच. त्याच्या दोन नायकांपैकी एक, गोंड नेता कुमराम भीम, ज्या आदिलाबाद जिल्ह्यात लढला, त्याच जिल्ह्यात किनवट तालुका १९५६ पर्यंत मोडत होता.

चित्रपटाची कथा १९२० मधील आहे. इंग्रज गव्हर्नर व त्याची पत्नी आदिलाबादच्या अरण्यातून एका गोंड मुलीस उचलून दिल्लीस नेतात. भीम तिला सोडविण्यासाठी दिल्ली गाठतो व तेथे अल्लुरी सीताराम राजू यांच्याशी त्याची मैत्री होते. प्रत्यक्षात या दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही. राजू यांचा रंपा येथील उठाव १९२२ ते १९२४ या काळातील. भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडला. दोघांच्या चरित्रांतील अज्ञात वर्षांवर आपण कल्पना रचली आहे, असे दिग्दर्शकाने २०१९ मध्येच जाहीर केले होते. तेव्हा भेटीस चूक म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु कल्पनेची ही सवलत सर्वत्र लागू पडत नाही. दिल्लीचा कारभार १९१२ पासून चीफ कमिशनरकडे होता, ही बाब किरकोळ म्हणून सोडून देता येईल. आदिलाबाद मात्र निजामाच्या राज्यात होते. तेथील गोंडांच्या जमिनी गेल्या त्या राखीव वनांची आखणी, बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांना मिळालेले पट्टे आणि वन व महसूल खात्यांतील कनिष्ठ नोकरांची जुलूमशाही यांमुळे. चित्रपटात निजामाचा प्रतिनिधी येतो तो इंग्रजांस सावध करण्यापुरता. गुंतागुंतीच्या जमीनप्रश्नाच्या जागी एक क्रूर गोरा अधिकारी उभा राहिला, की प्रेक्षकाचा संताप सुलभ होतो. पण मग भीम नेमका कशासाठी मेला, हे त्याला कळत नाही.

भाषेचा विपर्यास याहून खोल आहे, आणि त्याची वाच्यता सर्वांत कमी झाली. पडद्यावरील गोंड आपसांत तेलुगू बोलतात, गातातही तेलुगूतच. वास्तविक राजगोंडांची गोंडी ही द्राविडी कुळातील असली तरी तेलुगूहून स्वतंत्र भाषा होय. आदिलाबादच्या पश्चिम भागात तिचा शेजार मराठीशी होता; गोंडांची वंशगाथा गाणाऱ्या परधानांपैकी पुष्कळांची मातृभाषाच मराठी. मराठवाड्याचेच सेतुमाधवराव पगडी यांनी या जिल्ह्यात अधिकारी असताना गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांचा अभ्यास करून त्यांची व्याकरणे लिहिली. उलट, ज्या ‘अख्तर’ या मुसलमानी वेषावर बरीच टीका झाली, तो भाग भाषेच्या अंगाने तितका अशक्य नाही. निजामाच्या राज्यात उर्दू ही राजभाषा होती, आणि कचेरीची पायरी चढलेल्या गोंडाच्या कानांवर ती पडतच असे.

अखेरीस भीम राजूकडे स्वतःसाठी व आपल्या लोकांसाठी शिक्षण मागतो आणि ध्वजावर ‘जल, जंगल, जमीन’ ही अक्षरे उमटतात. ही घोषणा भीमाच्या नावाशी जोडली जाते. तिच्यातील पहिला शब्द संस्कृत, दुसरा मूळ संस्कृत असून हिंदुस्तानी वळणाने रूढ झालेला, तिसरा फारसी. गोंडी एकही नाही. गोंडीत पाण्यास ‘एर’ म्हणतात, कोलामीत ‘ईर’. यावरून घोषणा खोटी ठरत नाही. राज्यकर्त्यांस ऐकवावयाची मागणी राज्यकर्त्यांस कळेल अशा शब्दांत करावी लागते, एवढेच तिच्यावरून दिसते. शिवाय लोकपरंपरेतील चरित्रानुसार भीम चांद्यास विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहून लिहावाचावयास शिकला होता. चित्रपटाने त्याची ही अक्षरे काढून घेतली आणि शेवटी मित्राच्या हातून दान म्हणून परत दिली.

गोंडांच्या शिक्षणाचा खरा प्रयत्न जोडेघाटनंतरचा आहे. उठावाच्या कारणांचा शोध घेण्याच्या निमित्ताने निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली, आणि १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. तेथील क्रमिक पुस्तकांची भाषा गोंडी होती व लिपी देवनागरी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्यास जोडले गेले, जोडेघाट व मारलवाई पलीकडे तेलुगू भाषकांच्या राज्यात राहिली, आणि भीमाची कथा पुढे मुख्यत्वे तेलुगूतूनच सांगितली गेली.