बर्फाखालचे जीव आणि एक घाईचे अनुमान

अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली सूक्ष्मजीव जगतात, म्हणून गुरूच्या युरोपा आणि शनीच्या एन्सेलाडस या चंद्रांवर बर्फाखाली जे समुद्र आहेत तिथेही ते असणारच, असे आज सर्रास सांगितले जाते. या पूर्वपक्षाचा भक्कम आधार म्हणजे पश्चिम अंटार्क्टिकातील व्हिलन्स सरोवर. जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ८०० मीटर बर्फ गरम पाण्याने वितळवत शास्त्रज्ञ तिथे पोहोचले. दर मिलिलिटर पाण्यात सुमारे एक लाख तीस हजार पेशी सापडल्या. हा दाखला निर्विवाद आहे. अनुमान मात्र सदोष आहे.

व्हिलन्समधले जीव कशावर जगतात ते पाहा. काही अमोनियमवर, तर काही मिथेनवर. अमोनियम येते ते तळाच्या प्राचीन सागरी गाळातून. ते वापरण्यासाठी लागणारा प्राणवायू वितळत्या बर्फात अडकलेल्या हवेचा, म्हणजे मुळात प्रकाशसंश्लेषणाचा. हे सरोवर अंधारात असले तरी सूर्यप्रकाशाच्या शिदोरीवर चालते. शिवाय अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर पसरली ती सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीवर जीवन त्याआधी अब्जावधी वर्षे नांदत होते. बर्फात जीव टिकतो, एवढेच यातून सिद्ध होते. तिथे तो उपजतो, हे नव्हे.

एन्सेलाडसच्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला, हे २०१७ मध्ये जाहीर झाले. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे ते अन्न, म्हणून अनेकांना तो जीवनाचा पुरावा वाटतो. पण खडक आणि गरम पाणी यांच्या अभिक्रियेतूनही हायड्रोजन निघतो. उलट, इतका हायड्रोजन शिल्लक राहतो तो खाणारे कोणी नसल्यामुळेच, असाही युक्तिवाद करता येतो. तेव्हा हायड्रोजन ऊर्जेची उपलब्धता दाखवतो, भोक्त्याचे अस्तित्व नव्हे.

मग अंटार्क्टिकातले संशोधन व्यर्थ ठरते का? मुळीच नाही. त्याने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, पाणी दिसले की थांबायचे नाही. ऊर्जा कुठून येते याचा हिशेब मागायचा. दुसरी, स्वच्छतेची शिस्त. अंटार्क्टिकातल्याच व्होस्टोक सरोवरापर्यंतच्या वेधनात केरोसीन वापरल्याने तिथल्या नमुन्यांतले जीव सरोवरातले की वरून आलेले, हा वाद उरला. व्हिलन्समध्ये म्हणूनच पाणी गाळून आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करून वापरले गेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल. त्याचे घोषित उद्दिष्टही जीव शोधणे हे नसून युरोपा जीवनयोग्य आहे का हे तपासणे आहे. संशोधकांनी पाळलेला हा संयम आपणही पाळावा. पुढे कधी एखादा समुद्र पाणी आणि ऊर्जा असूनही निर्जीव निघाला, तर जीवनाच्या उगमाला आणखी काय लागते हा प्रश्न प्रथमच प्रत्यक्ष पुराव्यानिशी विचारता येईल. त्या निष्कर्षाला अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल.